टायटलवर १९३२, फ्रेम मात्र नवी : हॉट रॉड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नावावर करताना

प्रश्न असा आहे : ओहायोत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसारखी दिसणारी हॉट रॉड (जुन्या गाडीच्या धाटणीची, इंजिन आणि बाकीचे भाग बदलून बांधलेली गाडी) विकत घेतली आहे. बॉडी फायबरग्लासची, फ्रेम नव्याने बनवलेली, इंजिन शेव्हर्लेचं ३५० क्युबिक इंचाचं. ओहायोच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) मात्र नुसतं ‘१९३२ फोर्ड’ लिहिलेलं आहे. नोकरीमुळे आता कॅलिफोर्नियात जायचं आहे. तिथे गाडी त्याच टायटलवर नोंदवता येईल का? आणि कुणी सुचवल्याप्रमाणे मोंटाना राज्यात एलएलसी (छोटी खासगी कंपनी) काढून तिच्या नावाने नोंदवणं बरं पडेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ही १९३२ ची फोर्ड नाही, ती ‘स्पेशली कन्स्ट्रक्टेड व्हेइकल’ आहे आणि अर्ज तसाच करावा लागेल. तो केला तर गाडी पूर्ण कायदेशीरपणे रस्त्यावर येते, तीही बहुधा स्मॉग चाचणीशिवाय (धुराच्या तपासणीशिवाय). चुकीच्या टायटलवर पुढे रेटली तर ती जप्त होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून आधी गाडी काय आहे हे नीट ठरवा, मग त्याप्रमाणे कागद बनवा, आणि यातलं जेवढं काम ओहायोत असताना उरकता येईल तेवढं तिथेच उरका.

भारतातून आलेल्यांचा गोंधळ इथे समजण्यासारखा आहे. आपल्याकडे आरसी बुकात मालकी आणि रस्त्यावर चालवायची परवानगी एकत्र असते, राज्य बदललं की आरटीओकडून एनओसी घ्यायची आणि नव्या राज्यात नंबर घ्यायचा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीने दिलेल्या रचनेत मोठा बदलच करता येत नाही, मग घरी गाडी बांधून नोंदवणं तर दूरच. अमेरिकेत टायटल म्हणजे मालकीचा कागद आणि रजिस्ट्रेशन म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी, हे दोन वेगळे आहेत. ओहायोत तर खिडक्याही वेगळ्या : टायटल काउंटीच्या क्लार्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात, नंबरप्लेट बीएमव्ही या वाहन खात्याच्या डेप्युटी रजिस्ट्रारकडे. केंद्र सरकार टायटल देत नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत, आणि एका राज्याने टायटलवर जे वर्ष लिहिलं ते दुसऱ्या राज्याने जसंच्या तसं मानलंच पाहिजे असं बंधन नाही. नवं राज्य मालकी सहसा मान्य करतं, पण गाडीचा प्रकार आणि वर्ष स्वतः तपासून ठरवतं. सगळी अडचण इथेच सुरू होते.

गाडी नेमकी कोणत्या प्रकारात बसते

हॉट रॉड म्हणून जे काही विकलं जातं त्याचे कागदाच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

पहिला, खरी जुनी गाडी. फोर्डने बनवलेली मूळ फ्रेम, तिच्यावर फोर्डने ठोकलेला नंबर, आणि तोच नंबर टायटलवर. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अॅक्सल, ब्रेक बदललेले असले, छत कापून खाली आणलेलं असलं तरी ओळख १९३२ चीच राहते. हिला बहुतेक राज्यांत त्रास नाही.

दुसरा, मूळ बॉडी पण नवी फ्रेम, किंवा मूळ फ्रेम पण नवी बॉडी. ही खरी डोकेदुखी, कारण ओळख कशाला चिकटलेली मानायची हे राज्यागणिक बदलतं. १९३२ च्या फोर्डमध्ये कंपनीने नंबर फ्रेमवर ठोकलेला होता, बॉडीवर नाही. त्यामुळे मूळ फ्रेम गेली की नंबरही गेला, बॉडी कितीही अस्सल असो.

तिसरा, सगळंच नवं : फायबरग्लास किंवा नव्याने दाबलेल्या पत्र्याची बॉडी, नवी फ्रेम, क्रेट इंजिन (खोक्यात तयार मिळणारं नवं इंजिन). ओहायोतली ब्रुकव्हिल रोडस्टर ही कंपनी पत्र्याच्या नव्या बॉड्या बनवते, मॅसॅच्युसेट्सची फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ’३३ हॉट रॉडचं किट विकते. अशा गाडीची खरी जन्मखूण म्हणजे उत्पादकाने दिलेलं ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, ज्याला एमएसओ किंवा एमसीओ म्हणतात. प्रश्नातली गाडी या तिसऱ्या प्रकारातली आहे.

मग टायटलवर ‘१९३२ फोर्ड’ कसं आलं? शक्यता दोन. एक, पूर्वीच्या एखाद्या राज्यात ‘स्ट्रीट रॉड’चा कायदा असेल आणि त्याने बॉडी ज्या वर्षाची दिसते ते वर्ष रीतसर लिहिलं असेल. दोन, कुणीतरी जुन्या, भंगारात गेलेल्या गाडीचं टायटल विकत घेऊन तो नंबर नव्या फ्रेमवर ठोकला असेल. पहिली गोष्ट कायदेशीर आहे, दुसरी गुन्हा आहे. तुमच्याकडच्या कागदावरून कोणती ते कळत नसेल तर ओहायोच्या टायटल ऑफिसात त्या गाडीच्या टायटलच्या जुन्या नोंदी मागा. आधीच्या राज्याचं टायटल जमा करताना त्यावर ‘स्ट्रीट रॉड’, ‘रिप्लिका’, ‘असेंबल्ड’ असा शेरा होता का, हे त्यात दिसतं. कधीकधी शेरा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना नजरचुकीने गळतो. तसं असेल तर तुमचं काम पुष्कळ सोपं होतं, कारण गाडीचा इतिहास स्वच्छ आहे.

नंबर कुठे असतो आणि तपासणारा काय पाहतो

१७ अक्षरांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९३२ च्या व्ही-८ फोर्डचा नंबर ‘१८-’ ने सुरू होतो आणि दोन्ही टोकांना ताऱ्यासारखी खूण असते. तो डाव्या बाजूच्या फ्रेम रेलच्या वरच्या पृष्ठभागावर ठोकलेला असतो. स्टिअरिंग बॉक्सजवळचा नंबर गाडी न उघडता दिसू शकतो, बाकीचे ठसे बॉडीखाली दडलेले असतात, त्यासाठी बॉडी उचलावी लागते. इंजिनाचा नंबर कारखान्यात फ्रेमशी जुळवलेला असे. म्हणून काही जुन्या टायटलांवर इंजिन नंबरच गाडीचा नंबर म्हणून चढलेला आहे, आणि ते इंजिन केव्हाच निघून गेलेलं असतं. असं टायटल पुढ्यात आलं तर गाडी घेण्याआधीच विक्रेत्याकडून त्याच्या राज्यात दुरुस्ती करून घ्यायला लावा.

तपासणीला आलेला पोलीस अधिकारी टॉर्च आणि आरसा घेऊन पुढील गोष्टी बघतो : अक्षरांची उंची आणि वळण कारखान्याच्या ठशांशी जुळतं का, नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा आहेत का, पत्रा आजूबाजूपेक्षा पातळ झालाय का, नंबर असलेला तुकडा कापून वेल्ड केलाय का, आणि पाटी असेल तर तिचे रिव्हेट कोणते आहेत. नव्या फ्रेमवर जुन्या धाटणीचा नंबर दिसला की त्याला दुसरं काही शोधावं लागत नाही, कारण नव्या रेलचा पत्रा, कडा आणि भोकं ओळखू येतात.

मूळ फ्रेम असलेल्यांनी एक काळजी घ्यावी. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, ठोकलेला नंबर त्याखाली बुजतो. मग तपासणीच्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन तो उघडा करायची वेळ येते आणि ताज्या घासलेल्या नंबरावर संशय येतोच. फ्रेम कोटिंगला देण्याआधी नंबरावर उष्णता सहन करणारी टेप लावा, नंतर तेवढ्या भागावर पारदर्शक वार्निशचा एक हात द्या. सँडब्लास्टिंगच्या आधी आणि नंतर, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. बॉडी उचललेली असेल तर खालच्या ठशांचेही फोटो त्याच वेळी घ्या. तो मोका परत मिळत नाही.

पाटी काढून पुन्हा लावणं किती महागात पडू शकतं, याचं ठळक उदाहरण कॅन्ससमधलं आहे. तिथल्या एका गृहस्थांनी २०१६ मध्ये इंडियानातल्या डीलरकडून १९५९ ची कॉर्व्हेट घेतली. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये नोंदणीसाठी तपासणीला नेली तेव्हा व्हिनची पाटी पूर्वी कधीतरी काढून पुन्हा बसवलेली आढळली. ते काम बहुधा आधीच्या मालकाच्या रिस्टोरेशनमध्ये झालं होतं. गाडी चोरीची नव्हती, खरेदी प्रामाणिक होती, तरी कायद्याप्रमाणे ती जप्त झाली आणि नष्ट करण्याची तरतूद लागू झाली. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. शेवटी २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि जुन्या गाडीची पाटी रिस्टोरेशनसाठी काढून परत लावली असेल तर सूट दिली. इंडियानात काही अडलं नव्हतं, कॅन्ससमध्ये अडलं. राज्याची सीमा ओलांडली की गाडी पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते, हे यातून नीट कळतं. केंद्राचा कायदाही आहे : व्हिन खोडणं, बदलणं, काढणं यासाठी युनायटेड स्टेट्स कोडच्या १८ व्या भागातल्या कलम ५११ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कॅलिफोर्नियाचा मार्ग

कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडचं कलम ५८० ‘स्पेशली कन्स्ट्रक्टेड’ म्हणजे काय ते सांगतं : खासगी वापरासाठी बांधलेली, परवानाधारक उत्पादकाने न बनवलेली, किटपासून किंवा नव्या-जुन्या भागांपासून उभी केलेली गाडी. मूळ रचनेप्रमाणे दुरुस्त केलेली जुनी गाडी यात येत नाही. नोंदीत तिचा मेक (उत्पादकाचं नाव) ‘एसपीसीएनएस’ असा लागतो.

मोठा प्रश्न स्मॉगचा. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे स्मॉग चाचणी नाही. पण तुमची गाडी खरी १९३२ ची नसल्यामुळे ही सूट आपोआप मिळत नाही. ती एसबी १०० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यातून मिळते. दर कॅलेंडर वर्षात पहिल्या ५०० अर्जदारांना डीएमव्ही हे तिथलं वाहन खातं ‘सर्टिफिकेट ऑफ सीक्वेन्स’ देतं. हे हातात असेल तर स्मॉगसाठीचं वर्ष इंजिनावरून धरायचं की बॉडी ज्या गाडीसारखी दिसते तिच्यावरून, हे तुम्ही निवडता. बॉडी कशाशीच मिळतीजुळती नसेल तर १९६० धरतात. साध्या कार्ब्युरेटरच्या ३५० इंजिनासाठी बॉडीचं वर्ष निवडायचं, म्हणजे १९३२, म्हणजे स्मॉगची उपकरणं लागत नाहीत. पहिल्या काही वर्षांत हा ५०० चा कोटा जानेवारीच्या सुरुवातीलाच संपायचा, त्यामुळे माहीतगार लोक आजही जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सगळे कागद घेऊन खिडकीवर जातात. तुमचं स्थलांतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेल तर आधी डीएमव्हीत चालू वर्षाचा कोटा शिल्लक आहे का विचारा.

कोटा हुकला आणि थांबायचं नसेल तर स्मॉग पास होणारं इंजिन हाच पर्याय. जनरल मोटर्सचं ‘ई-रॉड’ पॅकेज यासाठीच बनवलेलं आहे : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप कॅनिस्टर, कंट्रोल मॉड्यूल आणि वायरिंग एकत्र येतं आणि त्याला कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर आहे. पॅकेजमधलं एकही उपकरण गाळायचं नाही, नाहीतर मंजुरीचा उपयोग नाही. पण चालू अवस्थेतलं ३५० इंजिन काढून हे बसवणं म्हणजे मोठा खर्च आहे. माझ्या मते पुढच्या जानेवारीपर्यंत गाडी गॅरेजमध्ये ठेवणं शहाणपणाचं.

कामाचा क्रम साधारण असा. डीएमव्हीत आरईजी ३४३ हा टायटल-रजिस्ट्रेशनचा अर्ज, आरईजी ५०३६ हे बांधणीचं निवेदन, ओहायोचं मूळ टायटल, आणि इंजिन, गिअरबॉक्स, फ्रेम, बॉडी यांची बिलं द्यायची, फी भरायची. डीएमव्हीतला माणूस गाडी पाहून आरईजी ३१ भरतो. फ्रेमवर मान्य होईल असा नंबर नसेल तर कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलची अपॉइंटमेंट मिळते. ते गाडी आणि बिलं तपासून राज्याचा नंबर देतात आणि पाटी लावतात. मग ब्रेक-दिव्यांची तपासणी. तिला आधी ‘ब्रेक अँड लॅम्प’ म्हणत, २०२४ पासून तिची जागा ‘व्हेइकल सेफ्टी सिस्टिम्स इन्स्पेक्शन’ने घेतली आहे. सीक्वेन्स सर्टिफिकेट मिळालं की ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या रेफ्रीकडे (अधिकृत तपासनीसाकडे) जायचं. तो वर्ष ठरवतो आणि गाडीवर न निघणारं लेबल लावतो. ते सगळं घेऊन परत डीएमव्ही. बॉडी पिकअपची असेल तर ती कमर्शियल धरली जाते आणि अधिकृत वजनकाट्याचं सर्टिफिकेटही लागतं.

हायवे पेट्रोलची अपॉइंटमेंट मिळायला बरेचदा आठवडे लागतात. डीएमव्हीच्या साध्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला असे अर्ज क्वचितच दिसतात, त्यामुळे चुकीची फाईल उघडली जाण्याची भीती असते. अर्ज देताना तोंडी ‘जुनी फोर्ड आहे’ असं म्हणू नका. ‘स्पेशली कन्स्ट्रक्टेड, एसबी १००’ एवढंच सांगा, आणि फाईल गोंधळतेय असं वाटलं तर शांतपणे सुपरवायझरला बोलावून घ्या.

सुरक्षा तपासणीत हॉट रॉड कशात नापास होतात हे ठरलेलं आहे. हँडब्रेक नसणं हे पहिलं कारण : मागे डिस्क ब्रेक बसवताना स्वस्त कॅलिपर घेतात ज्यात पार्किंग ब्रेकची यंत्रणाच नसते. दुसरं, हेडलाइटची उंची : कॅलिफोर्नियात ती जमिनीपासून २२ ते ५४ इंचांत हवी, आणि फार खाली बसवलेली गाडी २२ च्या खाली जाऊ शकते. विंडशील्डवर ‘एएस १’ ही खूण हवी, साधी सपाट काच कापून बसवलेली चालत नाही. हाय बीम दाखवणारा छोटा दिवा, नंबरप्लेटवरचा पांढरा दिवा, वायपर, आरसे, हॉर्न या किरकोळ गोष्टींवर फेऱ्या वाया जातात. एक्झॉस्टचा आवाज ६,००० पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलच्या आत हवा. निळा ठिपका असलेले मागचे दिवे काही राज्यांचे स्ट्रीट रॉड कायदे चालवून घेतात, पण तपासणीला जाताना साध्या लाल काचा बसवून जा. नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशन त्यांच्या मेळाव्यांत २३ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी करून देते. ती सरकारी नाही, पण जायच्या आधी ती करून घेतली तर बहुतेक उणिवा घरीच निस्तरता येतात.

कागदांची फाईल

बांधणाऱ्याकडून हे सगळं मागून घ्या आणि मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका : बॉडी आणि फ्रेमचे एमएसओ, मूळ प्रत, मागच्या बाजूला हस्तांतराच्या सह्यांसह, इंजिनाचं बिल, त्यावर इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्स आणि मागच्या अॅक्सलची बिलं, जुन्या गाडीतून काढलेला भाग असेल तर त्या गाडीचा व्हिन लिहिलेली विक्रीपावती, बांधणीच्या टप्प्यांचे फोटो, आणि बांधणाऱ्याचं सही केलेलं निवेदन की काय काय वापरलं आणि किती खर्च आला. पावतीवर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, भागाचं वर्णन आणि नंबर हवा. ‘इंजिन, रोख’ अशा चिठ्ठीचा उपयोग शून्य. भाग स्वॅप मीटमध्ये (जुन्या भागांच्या बाजारात) घेतलेला असेल तर विकणाऱ्याकडून नोटरी केलेली पावती घ्या. बांधणारा म्हातारा झाला, दुकान बंद झालं की हे कागद कायमचे जातात, म्हणून हे काम आजच करा.

ओहायोचं टायटल नव्या राज्यात जमा होतं, परत मिळत नाही. दोन्ही बाजूंची रंगीत प्रत आधी काढून ठेवा. ओहायोत टायटलवरची विक्रेत्याची सही नोटरीसमोर झालेली लागते. ती राहून गेली असेल तर कॅलिफोर्नियातून ती दुरुस्त करणं अतिशय त्रासाचं. कर्ज असेल तर बँकेकडून टायटल किंवा लीन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) फिटल्याचं पत्र आधी मिळवा. एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय टायटल नोंदींचा अहवाल काढून गाडीवर ‘सॅल्व्हेज’ (मोडीत काढलेली) यासारखा शेरा नाही ना ते बघा. १९८१ पूर्वीचे नंबर त्यात नीट सापडतीलच असं नाही, म्हणून अहवाल कोरा आला म्हणजे गाडी स्वच्छ असं समजू नका.

टायटल चुकीच्या मार्गाने आलंय असं कळलं, तर कॅलिफोर्नियाला निघण्याआधी ओहायोतच वाहनांच्या कामाचा अनुभव असलेल्या वकिलाला भेटा. ओहायोत ‘सेल्फ-असेंबल्ड’ गाडीसाठी स्टेट हायवे पेट्रोलची तपासणी असते, भागांच्या पावत्या तिथेही लागतात. वकिलामार्फत आपण होऊन दुरुस्तीला जाणं आणि दुसऱ्या राज्याच्या तपासणीत सापडणं, यात फार मोठा फरक आहे.

इतर राज्यांकडे जायचं झालं तर

कॅलिफोर्निया कडक आहे, पण नियम स्पष्ट आहेत. वीसहून जास्त राज्यांनी ‘सेमा’ या सुटे भाग बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या नमुना कायद्यावर आधारित कायदे केले आहेत. त्यात १९४८ पर्यंतची किंवा तशी दिसायला बनवलेली, बदल केलेली गाडी म्हणजे ‘स्ट्रीट रॉड’, आणि १९४८ नंतरची पण किमान २५ वर्षं जुनी किंवा तशी दिसणारी म्हणजे ‘कस्टम व्हेइकल’. टायटलवर बॉडी ज्या वर्षाची दिसते ते वर्ष लागतं, उत्सर्जन चाचणीतून आणि नियमित तपासणीतून सूट मिळते. बदल्यात वापर मर्यादित : प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम, अधूनमधून फेरफटका. रोज ऑफिसला न्यायची असेल तर ही नोंदणी घेऊ नका.

टेक्सास आणि फ्लोरिडात या दोन्ही वर्गांची सोय आहे. टेक्सासमध्ये नंबराच्या शंकेसाठी पोलिसांकडून व्हीटीआर-६८-ए हा फॉर्म भरून घ्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात एमव्ही-४२६बी हा एकच फॉर्म पुनर्बांधणी, खास बांधणी आणि स्ट्रीट रॉड या सगळ्यांना चालतो, पण साध्या तपासणीऐवजी ‘एन्हान्स्ड’ तपासणी करणारं गॅरेज शोधावं लागतं. मिशिगनमध्ये पोलिसांकडून टीआर-५४, नॉर्थ कॅरोलायनात लायसन्स अँड थेफ्ट ब्युरोचा निरीक्षक, वॉशिंग्टनमध्ये स्टेट पेट्रोल. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटलच नसतं, हस्तांतर करता येणारं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा कागद. जॉर्जियात १९८५ पर्यंतच्या आणि अलाबामात ३५ वर्षांहून जुन्या गाड्या टायटलमधून मुक्त आहेत. अशा राज्यातून गाडी घेताना विक्रेत्याच्या नावावरचं रजिस्ट्रेशन आणि नोटरी केलेली पावती दोन्ही घ्या, कारण न्यू जर्सीच्या किंवा टेक्सासच्या खिडकीवर ‘तिकडे टायटल नसतंच’ हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल.

टायटल हरवलेलं असेल तर बाँडेड टायटल, म्हणजे हमीचा बाँड देऊन मिळणारं टायटल, हा मार्ग आहे. टेक्सासमध्ये बाँड गाडीच्या किमतीच्या दीडपट आणि तीन वर्षांचा, ॲरिझोनात दीडपटच पण पाच वर्षांचा. बाँडने मालकीचा वाद मिटतो. गाडी १९३२ ची होत नाही.

कर, मुदती आणि आडवाटा

नव्या रहिवाशाला मुदत कमी असते : फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्नियात २०, टेक्सासमध्ये ३०, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायनात ६०. गाडी खरेदीपासून १२ महिन्यांच्या आत कॅलिफोर्नियात आली तर ती तिथल्याच वापरासाठी घेतली असं गृहीत धरून यूज टॅक्स (बाहेरून आणलेल्या वस्तूवरचा कर) लागू शकतो. ओहायोत भरलेला कर त्यातून वजा होतो, म्हणून ती पावती जपा. शिवाय दरवर्षी गाडीच्या किमतीवर ०.६५ टक्के लायसन्स फी. आरईजी ५०३६ वर भाग आणि मजुरी धरून खरी किंमत लिहायची. किंमत पाडून लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो अर्ज खोटेपणाच्या शिक्षेच्या तंबीखाली सही केलेला असतो.

मोंटानाच्या एलएलसीचं आकर्षण म्हणजे तिथे विक्रीकर नाही. पण गाडी राहणार तुमच्या कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये आणि चालवणार तुम्ही. कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने ही करचुकवेगिरी आहे आणि कर, दंड, व्याज मागे लागतं. विमा कंपनीला गाडी कुठे असते याची खोटी माहिती दिली असेल तर अपघातानंतर दावा अडकतो. व्हर्मॉन्टमधून टपालाने रजिस्ट्रेशन काढून घ्यायची जुनी वाट २०२३ मध्ये बंद झाली, अजूनही ती विकणारे एजंट भेटले तर पैसे देऊ नका. आणि ‘१९३२ फोर्ड, टायटल आणि फ्रेमचा नंबर असलेला तुकडा’ अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकूही नका.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या लोकांनी याकडे आणखी गांभीर्याने बघावं. सरकारी अर्जावर जाणूनबुजून खोटं लिहिणं आणि व्हिनमध्ये फेरफार यांत फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर प्रश्न दंडावर थांबत नाही, इमिग्रेशनची पुढची प्रत्येक पायरी धोक्यात येते. वर्षाकाठी काहीशे डॉलर वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

विम्याचं एक सांगतो. पॉलिसी ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ची घ्या, म्हणजे आधी ठरलेली रक्कम मिळते. बाजारभावाने दिलेली साधी पॉलिसी हॉट रॉडला फार कमी पैसे देते. पॉलिसीवरचा नंबर आणि वर्ष टायटलशी तंतोतंत जुळलं पाहिजे. हायवे पेट्रोलने नवा नंबर दिला की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा.

आणि गाडी ओहायोहून ट्रेलरवर पाठवा. चालवत नेली तर वाटेतल्या प्रत्येक राज्यात फेंडर, दिवे आणि आवाजाचे नियम वेगळे लागतात, आणि टायटलवरच्या वर्षाची शंका एखाद्या हायवेच्या कडेला निघणं कोणालाच नको. ट्रेलरवाल्याला टायटलची प्रत द्या, मूळ टायटल आणि एमएसओ मात्र स्वतःच्या बॅगेत ठेवा.